अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट या महिन्यांत भर दुपारी उघड्यावर काम करण्यास कायद्यानेच मनाई असते. २०१६ च्या जुलैमध्ये मित्रिबा येथे पारा ५३.९ अंशांवर गेला होता. अशा हवेत सालमिया किंवा अब्बासियातील मराठी मूल सदनिकेच्या चार भिंतींत वाढते, आणि संध्याकाळी ऊन उतरले की त्याच्यासाठी कसला ना कसला वर्ग ठरलेला असतो. अंगण त्याला पुस्तकातच भेटते. त्याच्या आईवडिलांनी ताराबाई मोडक यांचे चरित्र आज मुद्दाम आठवावे, असे त्यात पुष्कळ आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या वातावरणातील केळकर घराण्यात झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही. पुढे राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. एकट्या स्त्रीला त्या काळी याहून सुरक्षित जागा क्वचितच मिळाली असती. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. वकिली सोडून लहान मुलांत रमलेल्या या गृहस्थाने माँटेसरी पद्धती स्वीकारली होती, पण गोष्टी आणि नाट्य यांना मुक्त वाव देऊन. स्वतः माँटेसरीबाई परीकथांविषयी फारशा उत्साही नव्हत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

शहरातील सुशिक्षित पालकांची मुले मिळाली, साधने मिळाली, नाव झाले. तरीही महागड्या लाकडी साधनांवर उभी असलेली ही पद्धत खेड्यातल्या मुलाच्या काय कामाची, हा प्रश्न उरलाच. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले तिकडे फिरकेनात. मग ताराबाईंनी शाळाच त्यांच्या दारात नेली. कुणाच्या अंगणात, कुणाच्या झाडाखाली मुले जमू लागली. आधी हातपाय धुणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. शिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच साधने. एखादे मूल चिंचोक्यांची रांग लावत बसले तर त्याच्या हातून ती काढून घ्यायची नाही, त्याचे ते काम संपू द्यायचे, ही शिस्त शिक्षिकेला शिकावी लागे. मुलांपेक्षा मोठ्यांनाच ती अवघड जाते, आणि यात खेडे-शहर असा भेद नाही.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली घरांतील थोडी मोठी मुले गुरे राखायला जात. त्यांना घंटेच्या वेळी वर्गात आणणे म्हणजे घरची कमाई बुडवणे. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षक तेथेच जाई, आणि आसपासचे झाड, पक्षी, ओहोळ हाच त्या दिवसाचा पाठ होई. औपचारिक शिक्षणाच्या चौकटीत हे बसवणे कठीण होते. ताराबाईंनी मुलाकडे पाहून चौकट वाकवली. मूल वाकवले नाही.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात अशी तेरा लाखांहून अधिक केंद्रे आहेत. आहार, वजन, लसीकरण यांची नोंद तेथे होते. मुले किती वेळ मनासारखी खेळली, याची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात सहसा सापडत नाही.