गाण्यावर पोट भरतं का? विचारा पलुस्करांना!

बारावी झाली, आता पुढे काय, असं कुणी विचारलं आणि तुम्ही संगीत म्हणालात, तर वरूड असो की अमरावती, घरात क्षणभर शांतता पसरते. मग हळूच प्रश्न येतो की छंद ठीक आहे, पण पोटापाण्याचं काय? हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी गवयाने फार मनावर घेतला होता. त्याचं नाव विष्णू दिगंबर पलुस्कर.

आधी थोडं युरोपकडे बघू. आपल्या सनईसारखंच फुंकून वाजवायचं, दोन पातळ पत्त्यांचं ओबो नावाचं वाद्य तिकडे आहे. ते वाजवणाऱ्याला वाद्यवृंदात जागा मिळू शकते आणि संगीतशाळेत शिकवताही येतं. पॅरिसची अशी संस्था १७९५ पासून आहे. आपल्याकडे मात्र सनईवाला लग्नाच्या दारात आणि गवई राजाच्या दरबारात. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये संगीतशाळा काढली, पण तीही राजाश्रयावर.

पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, नजर अधू झाली आणि शाळा सुटली. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअर सुरू होण्याआधीच संपलं! पण गळा होता. म्हणून पोराला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे धाडलं. ग्वाल्हेर गायकीची कडक तालीम, वर्षानुवर्षं. मिरजेच्या राजाचा आधारही होता.

मग एक गोष्ट खटकली. एका समारंभाचं बोलावणं शिष्याला आलं, गुरूंना मात्र नाही, अशी हकीकत सांगतात. कितीही मोठी विद्या असली तरी गवई म्हणजे आश्रित! १८९६ मध्ये या तरुणाने मिरज सोडली. वय चोवीस. नजर अधू, खिशात फारसं काही नाही. दरबार मिळत होते, ते त्याने नाकारले. सौराष्ट्रात तिकीट लावून लोकांसमोर गायला. तिकिटाचं अप्रूप आज तुम्हाला वाटणार नाही, पण तेव्हा ऐकणारा मालक नसून ग्राहक असतो, ही कल्पनाच नवी होती.

५ मे १९०१ ला लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडलं, लोकांच्या पैशावर. सुरुवातीला विद्यार्थीच फिरकेनात. मास्तर एकटेच तंबोरा घेऊन रियाझ करत बसायचे. हळूहळू वर्ग भरले. पलुस्करांनी इथे तीन कामं केली. गाणं कागदावर उतरवायची स्वरलिपी बनवली, पुस्तकं काढली आणि ठरलेला अभ्यासक्रम लावला. चौथं काम सगळ्यात मोठं, ते म्हणजे शिकवणारे तयार करणं. निवडक मुलांना राहणं-जेवण देऊन वर्षानुवर्षं घडवलं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यांचीच शिष्यमंडळी. वर्गात बसणारा प्रत्येकजण तानसेन होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण जाणकार श्रोता तर होईल! आणि श्रोता वाढला की कलावंताची भाकरी वाढते.

सगळं गोड नव्हतं. १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली, इमारतीसाठी कर्ज घेतलं. फी आणि मैफलींच्या पैशातून ते फिटेना. शेवटी इमारतीचा लिलाव झाला. पलुस्कर नाशिकला रामनामाच्या आश्रमात गेले, तिथेही शिकवत राहिले. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत त्यांचं निधन झालं.

टीकाही होते. गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देताना शृंगारिक पदांच्या जागी त्यांनी भक्तिपदं आणली. या सगळ्या बदलात ज्या उस्तादांनी आणि गाणाऱ्या बायकांनी ही विद्या जपली, त्या बाजूला पडल्या, असं अभ्यासक म्हणतात. हेही लक्षात ठेवा.

पण लिलावात इमारत गेली, माणसं नाही. १९३१ मध्येच शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. तुमच्या गल्लीतली एखादी ताई हार्मोनियम घेऊन प्रारंभिक ते विशारद परीक्षांची तयारी करून घेते ना, तिची फी, तिचा मान, तिचं प्रमाणपत्र, हे सगळं याच वाटेने आलंय.

तेव्हा संगीतात जायचं असेल तर फक्त स्टेजचं स्वप्न बघू नका. वाजवणं आणि शिकवणं ही दोन चाकं आहेत. एक अडलं की दुसरं गाडी ओढतं. कर्ज मात्र जपून काढा. आणि उद्या घरी तो प्रश्न आला, की पलुस्करांची गोष्ट सांगा, लिलावासकट.