होसे रिझाल

आशियाच्या आग्नेयेस हजारो लहानमोठ्या बेटांचा एक देश आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या नावावरून त्यास फिलिपाईन्स म्हणतात. तीनशेहून अधिक वर्षे तेथे स्पेनची सत्ता होती. नावाला राज्य गव्हर्नरचे. गावोगाव खरा अंमल चाले तो मठवासी पाद्र्यांचा. उत्तमोत्तम जमिनी मठांच्या मालकीच्या आणि त्या कसणारे लोक त्यांची कुळे.

अशाच एका कुळाच्या घरी, लुझॉन बेटावरील कलांबा गावी, १९ जून १८६१ रोजी होसे रिझाल यांचा जन्म झाला. अकरा भावंडांत ते सातवे. आई तेओदोरा सुशिक्षित होती. होसेला अक्षरओळख तिनेच करून दिली. होसे दहा वर्षांचा असताना या माऊलीवर नात्यातील एका स्त्रीला विष घालू पाहिल्याचा खोटा आळ आला. शिपायांनी तिला प्रांताच्या मुख्य गावापर्यंत पायी चालवत नेले आणि सुमारे अडीच वर्षे तिला बंदिवास भोगावा लागला. त्याच सुमारास, १८७२ साली, बंडाच्या आरोपावरून तीन स्वदेशी धर्मगुरूंना देहान्त शासन झाले. त्यांपैकी बुर्गोस हे थोरला भाऊ पासियानो याचे गुरू होते. हे दोन्ही घाव त्या बालमनात खोलवर रुतले.

पुढे आईची दृष्टी मंदावू लागली, म्हणून रिझाल यांनी नेत्रवैद्यकाची कास धरली. १८८२ साली आईवडिलांना न कळवता, पासियानोच्या साहाय्याने, ते स्पेनला गेले. माद्रिद, पॅरिस आणि हायडेलबर्ग येथे त्यांनी विद्या संपादन केली. त्याच काळात ते एक कादंबरी लिहीत होते. शिक्षण संपवून मायदेशी परतलेला, गावात शाळा उघडू पाहणारा एक तरुण आणि त्याचा सर्वनाश करणारे सत्ताधारी, असा तिचा विषय. ‘नोली मे टांगेरे’ हे तिचे नाव. छपाईस पैसा नव्हता. एका मित्राने उसने दिले, तेव्हा १८८७ साली बर्लिनमध्ये तिच्या दोन हजार प्रती निघाल्या. सरकारने तिच्यावर बंदी घातली. लोकांनी ती चोरून वाचली. १८९१ साली गेंट येथे तिचा उत्तरार्ध प्रसिद्ध झाला. तोवर कलांबाच्या कुळांना, रिझाल कुटुंबासह, घरादारातून हुसकून लावण्यात आले होते.

त्यांच्या मागण्या तरी काय होत्या? स्पेनच्या संसदेत प्रतिनिधित्व, सर्वांना समान कायदा आणि शाळा! १८९२ च्या जुलैत मॅनिलात त्यांनी ‘लिगा फिलिपिना’ ही संस्था काढली. चारच दिवसांत ते कैद झाले आणि मिंदानाओ बेटावरील दापितान या दूरच्या गावी त्यांची रवानगी झाली. तेथील चार वर्षे त्यांनी व्यर्थ दवडली नाहीत. मुलांसाठी शाळा काढली, रुग्णांचे डोळे तपासले, गावात नळाने पाणी आणले. आईच्या डोळ्यांवरही त्यांनी स्वतः शस्त्रक्रिया केली होती.

इकडे आंद्रेस बोनिफासियो यांनी ‘कातिपुनान’ ही गुप्त संघटना उभारली होती. १८९६ साली तिचा दूत दापितानला आला. शस्त्रांवाचून उठाव केल्यास लोकांचे रक्त नाहक सांडेल, असे रिझाल यांनी त्यास बजावले. तुरुंगात असता उठावाचा निषेध करणारे पत्रकही त्यांनी लिहिले. यावरून त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल; बोनिफासियो यांस उतावळे म्हणणेही तसेच. सरकारने मात्र हा भेद जाणलाच नाही. सैनिकी रुग्णांच्या सेवेसाठी क्यूबाकडे निघालेल्या रिझाल यांना वाटेतच पकडून परत आणले आणि लष्करी न्यायालयाने उठावाचे सूत्रधार ठरवून मृत्युदंड दिला.

अखेरच्या भेटीत त्यांनी बहिणीला एक लहानसा दिवा दिला. मायदेशाचा निरोप घेणारी त्यांची कविता त्यात दडवलेली होती. ३० डिसेंबर १८९६ रोजी सकाळी बागुम्बायानच्या मैदानावर त्यांना पाठमोरे उभे करण्यात आले. गोळ्या सुटताच त्यांनी अंगाला हिसडा दिला आणि ते उताणे कोसळले. वय अवघे पस्तीस. शव शवपेटीवाचून गुपचूप पुरले गेले. नार्सिसा या बहिणीने शोध घेऊन त्या जागी खूण करवली.

१८९८ साली स्पेनची सत्ता गेली, परंतु अमेरिकेची आली. ४ जुलै १९४६ रोजी देश स्वतंत्र झाला. तत्पूर्वीच, १९१२ साली, रिझाल यांच्या अस्थी बागुम्बायानला आणून ठेवण्यात आल्या; आज तेथे त्यांचा पुतळा उभा आहे.