फुटबॉलचे सेनापती : रिनुस मिखेल्स

हॉलंड हा युरोपातील एक चिमुकला देश. नेदर्लंड्स हे त्याचे खरे नाव. या देशाची बरीचशी भूमी समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे. तेथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून ती राखली. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले, तर सर्वांचीच शेते पाण्याखाली जावयाची. म्हणून बांधाची राखण हे सर्वांचेच काम ठरले. फुटबॉलच्या मैदानावर हाच न्याय लावणारा एक थोर प्रशिक्षक या देशात होऊन गेला. त्याचे नाव रिनुस मिखेल्स.

मिखेल्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२८ रोजी ॲमस्टरडॅम शहरात झाला. ते बारा वर्षांचे असताना जर्मन सैन्याने हॉलंड व्यापले. युद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात तर शहरातील लोक अन्नाला मोताद झाले. १९४५ मध्ये देश मुक्त झाला. पुढच्याच वर्षी अठरा वर्षांचा रिनुस ‘आयाक्स’ या ॲमस्टरडॅमच्या संघाकडून पहिला सामना खेळला आणि त्या एकाच सामन्यात त्याने पाच गोल केले!

पुढे बारा वर्षे ते आयाक्सकडून खेळले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक गोल जमा झाले. राष्ट्रीय संघात मात्र यशाने त्यांना हुलकावणी दिली. देशाकडून ते पाच सामने खेळले आणि पाचही सामन्यांत हॉलंडचा पराभव झाला. अखेर पाठीच्या दुखापतीमुळे १९५८ मध्ये त्यांना खेळ सोडावा लागला.

मिखेल्स आता व्यायामशिक्षक झाले. मुलांना शिकविता शिकविता ते लहान संघांनाही मार्गदर्शन करू लागले. १९६५ च्या जानेवारीत आयाक्सने त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलाविले. त्या वेळी संघ गुणतक्त्यात तळाशी घसरला होता. अनेक खेळाडू दिवसा अन्यत्र नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात सराव करीत. मिखेल्स यांनी ही पद्धत मोडली. सराव कडक झाला, वेळेची शिस्त आली. त्यांच्या करारी स्वभावामुळे लोक त्यांना ‘जनरल’, म्हणजे सेनापती, म्हणू लागले.

पण केवळ शिस्त हे त्यांचे वैशिष्ट्य नव्हे. पूर्वी बचाव करणाऱ्याने बचावच करावा आणि आघाडीच्या खेळाडूने गोलच करावेत, अशी रीत होती. मिखेल्स यांच्या संघात बचावाचा खेळाडू चेंडू घेऊन पुढे धावला, की त्याची मोकळी जागा दुसरा सोबती तत्काळ भरून काढी. चेंडू हातचा गेला, तर आघाडीवरील खेळाडूसुद्धा तो परत मिळविण्यासाठी धावून जाई. या पद्धतीला ‘टोटल फुटबॉल’, म्हणजे संपूर्ण फुटबॉल, असे नाव पडले. योहान क्रायफ हा असामान्य बुद्धीचा खेळाडू मैदानावर या पद्धतीचा प्राण होता.

१९६६ मध्ये आयाक्स देशात अजिंक्य ठरला. १९६९ मध्ये युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात इटलीच्या मिलान संघाने आयाक्सला ४–१ असे हरविले. मिखेल्स खचले नाहीत. त्यांनी उणिवा शोधल्या, संघात बदल केले आणि १९७१ मध्ये तोच चषक जिंकून दाखविला.

१९७४ मध्ये विश्वचषकासाठी हॉलंडचा राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. या संघाने अर्जेंटिनाला ४–० आणि ब्राझीलला २–० असे नमविले. ७ जुलै रोजी म्युनिक शहरात पश्चिम जर्मनीशी अंतिम सामना झाला. आरंभीच हॉलंडला पेनल्टी मिळाली. एकाही जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागण्यापूर्वीच हॉलंडचा गोल झाला! परंतु जर्मन खेळाडूंनी धीर सोडला नाही. मध्यंतरापूर्वीच त्यांनी दोन गोल केले आणि २–१ असा विजय मिळविला. सर्वांहून सुंदर खेळणारा संघ रिकाम्या हाताने परतला. हे शल्य हॉलंडच्या लोकांच्या मनात दीर्घकाळ राहिले.

पुढे चौदा वर्षे लोटली. १९८८ च्या युरोपीय स्पर्धेत मिखेल्स पुन्हा हॉलंडचे प्रशिक्षक होते. दरम्यान हृदयाच्या दुखण्याने त्यांना गाठले होते. पहिलाच सामना सोव्हिएत संघाने जिंकला. पण मिखेल्स यांनी संघाला सावरले. उपांत्य सामन्यात हॉलंडने पश्चिम जर्मनीला तिच्याच भूमीवर हरविले. २५ जून रोजी अंतिम सामना झाला तो म्युनिकच्या त्याच मैदानावर आणि त्याच सोव्हिएत संघाशी. गुलिट आणि व्हान बास्टेन यांनी एकेक गोल केला. हॉलंड २–० असा विजयी झाला. राष्ट्रीय संघाचे हे पहिलेच मोठे अजिंक्यपद होय. जेथे हार पत्करली, तेथेच त्यांनी विजय मिळविला.

१९९९ मध्ये फुटबॉलच्या जागतिक संघटनेने मिखेल्स यांना शतकातील सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक म्हणून गौरविले. ३ मार्च २००५ रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आज जगात कोठेही बचावाचा खेळाडू चेंडू घेऊन पुढे धावतो आणि त्याची जागा त्याचा सोबती न सांगता राखतो, तेव्हा तेथे मिखेल्स यांचीच शिकवण दिसून येते.