नामदार नाना शंकरशेठ आणि त्यांची मुंबई

मुंबई हे मुळात एक बेट नव्हे. सात लहान बेटांमधील खाड्या बुजवून आणि बांध घालून ते एक झाले, आणि त्या दिवसापासून जुने मोडून नवे उभारणे हा या नगरीचा स्वभावच होऊन बसला आहे. अशा नगरीचे शिल्पकार म्हणून गौरविले जाणारे आपले ज्ञातिभूषण कै. नामदार जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ यांचे चरित्र आठवताना आम्हांस नेहमी एका गोष्टीचे नवल वाटते. ज्या पुरुषाने या शहरात आगगाडी आणण्यासाठी जिवाचे रान केले, तोच पुरुष स्मशानाच्या एका जुन्या जागेसाठी सरकारशी भांडला.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. घराणे मूळचे मुरबाडचे, आडनाव मुरकुटे. वडील शंकरशेठ यांनी व्यापारात विपुल संपत्ती मिळविली होती. ते १८२२ साली निवर्तले, आणि विशीही न गाठलेल्या मुलाच्या शिरावर सारा कारभार येऊन पडला. त्यापुढील चाळीस वर्षांत मुंबईत जे जे सार्वजनिक कार्य उभे राहिले, त्यातील बहुतेकांस नानांचा हात लागलेला आहे. विद्यालये, १८५२ ची बाँबे असोसिएशन आणि लोकनिंदा सोसून आपल्या वाड्यात जागा दिलेली मुलींची शाळा, ही सारी हकीगत वाचकांस परिचित असल्यामुळे आम्ही तिचा विस्तार करीत नाही.

आगगाडीचे मात्र सांगितले पाहिजे. १८४५ साली नाना व सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी मंडळी जमविली. पुढे जी. आय. पी. रेल्वे स्थापन झाली, तेव्हा तिच्या संचालकांत या दोघांचा समावेश झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंतचे २१ मैल गाडी धावली आणि बेटाचे बेटपण खऱ्या अर्थाने संपले. माणसांचा लोंढा सुरू झाला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर गेली. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडण्यात आले. नाना त्या वेळी कायदे कौन्सिलात होते.

शहर वाढू लागले, तसे सोनापूरचे स्मशान वस्तीच्या मध्ये येऊ लागले. ते तेथून उठवून शिवडीस न्यावे असा सरकारचा विचार ठरला. कागदावर योजना निर्दोष दिसत असेल. परंतु गिरगावच्या गरीब माणसाने आपल्या बापाचे शव खांद्यावर घेऊन दोन कोसांहून अधिक वाट तुडवावी, असा तिचा अर्थ होता. नानांनी या योजनेस कसून विरोध केला आणि सरकारास ती सोडावी लागली. आम्हांस वाटते, आगगाडी आणि सोनापूर या दोन्ही प्रकरणी नानांचा हिशेब एकच होता : रहिवाशाचा रस्ता लांबतो की आखूड होतो? जुने तेवढे चांगले असे मानणारे ते नव्हते, आणि नव्याला भुलणारेही नव्हते.

याच काळात आणखी एक काम चालले होते. सरकारी संग्रहालयातील वस्तू १८५७ च्या धामधुमीत लष्करासाठी जागा हवी म्हणून अस्ताव्यस्त झाल्या होत्या. त्यांस कायमची वास्तू मिळावी म्हणून जी मंडळी वर्गणीस उभी राहिली, त्यांत नाना, डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. बर्डवुड हे प्रमुख. १८६२ साली भायखळ्यास इमारतीचा पाया घातला गेला. १८६४ साली घारापुरीचा दगडी हत्ती विलायतेस नेण्याच्या खटपटीत फुटला. त्याचे तुकडे बर्डवुडसाहेबांनी वाचविले. तो पुन्हा जोडलेला हत्ती याच संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मुलांना तो अवश्य दाखवावा.

नानांनी ती इमारत पुरी झालेली पाहिली नाही. १ जुलै १८६५ रोजी कापसाच्या पैशावर फुगलेला शेअरबाजार कोसळला, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नाना कालवश झाले. संग्रहालय १८७२ साली उघडले. पुढे त्याची पुष्कळ आबाळ झाली. १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजींचे नाव मिळाले, आणि २००८ पर्यंत चाललेल्या जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा झळाळले.

वारसावास्तूंसाठी मुंबईत १९९५ साली नियमावली झाली. तिने मोठ्या इमारतींस आधार दिला. चाळी आणि वाडे यांच्या वाट्यास तो क्वचितच आला. गिरगावात आपल्या कित्येक कुटुंबांची बिऱ्हाडे होती, तेथे मनोरे उठत आहेत. भुयारी रेल्वेच्या एका स्थानकास २०२५ साली नानांचे नाव लाभले, याचा आम्हांस आनंद आहे. सोनापूरचे स्मशान चंदनवाडी या नावाने अद्याप त्याच ठिकाणी आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्या वडीलधाऱ्यांस तेथेच अखेरचा निरोप दिला आहे.