‘हिपॅटायटीस बी’चे संशोधक ब्लुमबर्ग
दरवर्षी २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटीस दिन म्हणून पाळला जातो. ही डॉ. बारूख ब्लुमबर्ग यांची जन्मतारीख. ‘हिपॅटायटीस बी’चा विषाणू त्यांनी उजेडात आणला, मुळात मात्र ते या रोगाच्या मागावर नव्हतेच.

१९२५ साली न्यूयॉर्कमधील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्यांनी सुरिनाममधील खाणवस्तीच्या रुग्णालयात काही काळ काम केले. तेथे मळ्यांवर आणलेल्या भारतीय, जावानीज व आफ्रिकी मजुरांचे वंशज राहत. हत्तीरोगाला या साऱ्यांची शरीरे निरनिराळी तोंड देतात, हे पाहून आनुवंशिक भेदांचे कुतूहल त्यांना जडले ते कायमचेच.

त्यापायी त्यांनी देशोदेशीचे रक्ताचे नमुने जमविले. हिमोफिलियाच्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागत असल्याने परक्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात सापडतात. न्यूयॉर्कच्या अशाच एका रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्ताशी प्रतिक्रिया झाली. हार्वे आल्टर यांच्यासह केलेला हा ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’चा शोध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रारंभी ते एक आनुवंशिक वैशिष्ट्य वाटले. पुढे फिलाडेल्फियात एका रुग्णाच्या रक्तात पूर्वी नसलेले हे प्रथिन अचानक आढळले आणि त्याच सुमारास त्याला यकृतदाह झाल्याचे दिसले. नंतर प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ महिलेने प्रकृती बिघडताच स्वतःचेच रक्त तपासले. त्यातही तेच प्रथिन! ते विषाणूचे बाह्य आवरण होते.

आपल्याकडे कावीळ म्हटली की झाडपाला आणि माळा आठवतात. पण कावीळ हे केवळ लक्षण. ‘ए’ व ‘ई’ विषाणू दूषित अन्नपाण्यातून येतात. ‘बी’ मात्र रक्त, दूषित सुया, शरीरसंबंध आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे जातो. त्या काळी प्राण वाचविणारी रक्ताची बाटलीच कित्येकदा यकृताचा घात करी. ब्लुमबर्ग यांच्या शोधामुळे रक्तदात्यांची तपासणी शक्य झाली.

१९६९ मध्ये इर्विंग मिलमन यांच्यासह त्यांनी लसीची युक्ती मांडली. वाहकांच्या रक्तातून ते आवरण शुद्ध करून घ्यायचे आणि निरोगी माणसाला टोचायचे. १९८१ साली अमेरिकेत ही लस संमत झाली. १९८६ पासून ती यीस्टच्या साहाय्याने बनू लागली, रक्ताची गरज संपली. दीर्घकाळच्या ‘बी’ संसर्गातून यकृताचा कर्करोग उद्भवतो. म्हणून कर्करोग टाळणारी ही पहिली लस ठरली. संसर्ग जडलेल्यांना आज विषाणू दाबून ठेवणारी औषधे मिळतात, पण तो समूळ क्वचितच जातो.

१९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळाले. उत्तरायुष्यात ते ऑक्सफर्डच्या बेलिअल महाविद्यालयाचे प्रमुख झाले, तर पुढे ‘नासा’च्या संस्थेत परग्रहावरील जीवसृष्टीचा विचार करू लागले. ५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियातील ‘नासा’च्याच केंद्रात भाषणानंतर त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ‘हिपॅटायटीस बी’ची लस भारतभरच्या बालकांच्या नियमित लसीकरणात आली. तिचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांत द्यायचा असतो.