बार्शी लाईटचा साहेब

रात्री बारानंतर होस्टेलवर ज्या खोल्यांत लाईट चालू असते त्या तीन प्रकारच्या. एक सबमिशनवाल्यांची, एक पत्तेवाल्यांची आणि तिसरी आमची. आमच्या टेबलावर जुना पेपर अंथरलेला, त्यावर नखाएवढे प्लॅस्टिकचे तुकडे, ब्लेड, कानस, टूथपिक आणि त्यावर वाकलेली दोन डोकी. रूम पार्टनरच्या मामानं त्याला एक किट आणून दिलं होतं. एअरफिक्सची १९११ सालची रोल्स-रॉइस, स्केल १:३२. म्हणजे खऱ्या गाडीचे ३२ सेंटिमीटर ते आपले एक सेंटिमीटर.

हे किट खोक्यावर नवीन दिसतं, पण आतला साचा आपल्या बाबांच्या वयाचा असतो. किटच्या धंद्यात खरी इस्टेट म्हणजे पोलादाचा साचा. एकदा तो कोरला की कंपनी बुडो, विकली जावो, साचा कुठेतरी गोडाऊनमध्ये पडून राहतो. एअरफिक्सचंच बघा. १९८१ मध्ये ती कंपनी बुडाली, मग दोन हात बदलले, २००६ मध्ये पुन्हा गोत्यात आली आणि शेवटी आगगाडीची मॉडेल्स करणाऱ्या हॉर्नबीनं घेतली. प्रत्येक वेळी जुने साचे बाहेर निघाले, नवं चित्र छापलं, जुनी गाडी पुन्हा बाजारात. साचा झिजला की दोन भागांच्या फटीतून प्लॅस्टिक बाहेर येतं आणि तुकड्यांच्या कडेला पापुद्रे धरतात. ते तासण्यात निम्म्या रात्री जातात. तिसऱ्या रात्री मी आगाऊपणा करून समोरची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदानं लावली आणि सकाळी काचेवर पांढरं धुकं! पार्टनर दोन दिवस बोलला नाही.

तर गाडी करता करता रोल्स हा माणूस कोण म्हणून शोधाशोध केली. चार्ल्स रोल्स म्हणजे मोटारींचा शौकीन, आणि मोटारींपेक्षा विमानांचा जास्त. १२ जुलै १९१० रोजी इंग्लंडमध्ये बोर्नमथला त्याच्या राइट विमानाची शेपटी हवेत मोडली आणि बत्तिसाव्या वर्षी तो गेला. आम्ही जोडत होतो ती १९११ ची गाडी त्यानं बघितलीच नव्हती. त्याच्या मृत्यूबद्दल वाचताना त्याच्या एका मित्राचं नाव आलं, जो त्यानंतर पॅराशूटच्या मागं लागला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

पार्टनर बार्शीचाच. तो म्हणाला, अरे हा तर आपला लाईटवाला साहेब! मला आधी वाटलं, एमएसईबीचा कोणीतरी.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा. वडील शेतकरी. भावंडांतला हा थोरला. एक धाकटा भाऊ गाय पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या मोठ्या रेल्वेचा जनरल मॅनेजर आणि सर झाला. थोरल्याची वाट मात्र जरा आडवळणाची. १८७४ मध्ये ते क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. आपल्या भाषेत अप्रेंटिस. तेव्हा इंजिनिअर हा कॉलेजात कमी आणि भट्टीजवळ जास्त तयार व्हायचा. पुढे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यात काम केलं आणि १८८२ मध्ये ते हिंदुस्थानात आले. जीआयपी रेल्वे, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची आजी, तिच्यात लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर.

आता त्या वेळची बार्शी डोळ्यांपुढे आणा. मुंबई इलाख्याच्या अगदी कडेला, पलीकडे निजामाचं राज्य. लातूर, धाराशिवकडचा कापूस, गळीत, धान्य बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत यायचं. पेठ मोठी, पण रेल्वे गावापासून लांब. मुंबई–मद्रास लाईन कुर्डुवाडीवरून गेली होती आणि त्या स्टेशनला नाव काय, तर बार्शी रोड! गाव राहिलं सुमारे ३५ किलोमीटरवर, स्टेशनला नुसतं नाव. पंढरपूरचे वारकरीसुद्धा तिथंच उतरून पुढे गाडीवाटेनं जायचे. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी रुतली की माल तिथंच.

इन्स्पेक्टरसाहेबांनी हे बघितलं. जीआयपीची ५ फूट ६ इंचांची ब्रॉडगेज इथं टाकायची तर मोठे पूल, जड रूळ, रुंद भराव. एवढा खर्च बार्शीचा कापूस भरून काढणार नाही. मग लहान गाडी टाका. पण लहान गाडी म्हणजे खेळण्यातली, जास्त माल नेणार नाही, असा तेव्हाचा समज. कॅलथ्रॉपना हा समज मान्य नव्हता. आणि इथंच त्यांचं खरं इंजिनिअरिंग आहे, म्हणून जरा थांबतो. (सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्यावं, मेकॅनिकलवाल्यांना झोप येणार नाही याची खात्री.)

रुळाचा जाडपणा गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका आसावर किती भार येतो त्यावर ठरतो. बहुतेक ठिकाणी काय व्हायचं, तर डबे हलके आणि इंजिन जड. त्या एका इंजिनापायी सगळ्या लाईनवर जाड रूळ आणि मजबूत पूल. कॅलथ्रॉपनी नियम केला की या लाईनवर इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही. मग इंजिनाला ताकद कुठून आणायची? आस वाढवा! लीड्सच्या किटसन कंपनीनं त्यांच्यासाठी ०-८-४ जातीचं टाकी-इंजिन बनवलं. आठ चाकं ओढणारी, मागं चार चाकं भार वाहणारी. सहा आस गुणिले पाच, म्हणजे तीस टनांच्या आत सगळं इंजिन, आणि ओढायला मात्र तगडं. वाघिणी लीड्स फोर्ज कंपनीच्या, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या, बोगीवर चालणाऱ्या. स्वतःचं वजन कमी, माल जास्त. गेज २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजच्या निम्म्याहून कमी. भार वाटून द्यायचा, एवढी साधी गोष्ट, पण ती प्रत्येक चाकापर्यंत हट्टानं पाळणं साधं नाही.

हट्ट तर होताच. बार्शीची लाईन डोक्यात शिरल्यापासून ती होईपर्यंत दहा वर्षांच्या आसपास गेली. सरकारकडे अर्ज, जीआयपीची नोकरी सुटणं, विलायतेला परत जाणं, पुन्हा पत्रव्यवहार. अखेर १८९५ मध्ये करार जमला. कॅलथ्रॉपनी लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि तिचे सल्लागार इंजिनिअर स्वतःच झाले. गाड्या बोटीत चढवायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथं मुद्दाम रूळ टाकून त्यांची चाचणी घेतली, बाकीच्या इंजिनिअर मंडळींना बोलावून दाखवलं. म्हणजे आपली बार्शीची गाडी पहिल्यांदा धावली ती यॉर्कशायरमध्ये! १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी लाईन सुरू झाली.

आणि ती चालली. नुसती चालली नाही, वाढली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. तीनशे किलोमीटरच्या वर लाईन. आषाढी-कार्तिकीला ही गाडी टपापर्यंत भरायची. धावत्या गाडीतून उतरून पुन्हा चढल्याच्या गोष्टी इकडच्या प्रत्येक आजोबांकडे आहेत, आणि त्यातल्या निम्म्या खऱ्या असाव्यात. दोष नव्हता असंही नाही. कुर्डुवाडीला गेज बदलायचं, म्हणजे प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून लहान वाघिणीतून मोठ्या वाघिणीत. लाईट लाईनीची ही कायमची दुखरी नस, आणि कॅलथ्रॉपना ती ठाऊक होती.

त्याचं उत्तर त्यांनी इंग्लंडमध्ये दिलं. बार्शीमुळं लहान गेजचा जाणकार म्हणून त्यांचं नाव झालं. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरची रेल्वे त्यांच्या सल्ल्यानं २ फूट ६ इंचांवर आणली गेली. मग स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लहानशी लाईन १९०४ मध्ये सुरू झाली, तिथं त्यांनी अशा सपाट गाड्या केल्या की मोठ्या गेजची वाघीण मालासकट त्यांच्या पाठीवर चढायची. हमाली बंद! या लाईनीची दोन्ही इंजिनं किटसनचीच, बार्शीच्या घराण्यातली. दिवा हिंदुस्थानी पद्धतीचा, भला मोठा. एका इंजिनाचं नावच ई. आर. कॅलथ्रॉप. पण त्या दरीत कापूसही नव्हता आणि वारीही नव्हती. होतं ते दूध. १९३४ मध्ये लाईन बंद पडली, इंजिनं भंगारात गेली. आज त्या वाटेवर लोक सायकली चालवतात.

इथवर हा एका यशस्वी साहेबाचा बायोडाटा झाला. घर लंडनजवळ लाउटनला, तिथं ते अरबी घोडे पाळायचे, घोड्यांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. एवढ्यावर थांबले असते तर म्हातारपण सुखात गेलं असतं.

पण रोल्स गेला. विमानाला काही झालं तर आतल्या माणसाला वाचवायला काहीच नाही, ही गोष्ट कॅलथ्रॉपच्या डोक्यातून जाईना. वय पन्नाशीच्या पुढे, विषय सर्वस्वी नवा. तरी १९१३ पर्यंत त्यांनी पॅराशूटचं पेटंट घेतलं. नाव गार्डियन एंजल, म्हणजे राखणदार देवदूत. छत्री विमानाला लावलेल्या डब्यात घडी करून ठेवलेली, तिची दोरी वैमानिकाच्या पट्ट्याला. माणसानं उडी टाकली की त्याच्याच वजनानं छत्री ओढली जाऊन उघडते, त्याला काही करावं लागत नाही. १९१६ मध्ये तर दाबलेल्या हवेनं वैमानिकाला बाहेर फेकायची कल्पनाही त्यांनी पेटंट केली. लढाऊ विमानातली इजेक्शन सीट आपल्याला जेटच्या जमान्यातली वाटते. हे १९१६ आहे!

तोवर पहिलं महायुद्ध पेटलेलं. जळत्या विमानात अडकून विशीतली पोरं मरत होती. कॅलथ्रॉप सरकारचे उंबरे झिजवत होते. नोव्हेंबर १९१७ मध्ये ऑर्ड-लीज नावाच्या अधिकाऱ्यानं हे पॅराशूट घेऊन लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी मारून दाखवली. उंची जेमतेम दीडशे फुटांच्या आसपास. हा गडी शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेत बर्फात अडकून जिवंत परत आलेला, त्याला पूल काय! छत्री उघडली, माणूस वाचला. तरीही ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत पॅराशूट मिळालं नाही. वजन जास्त, विमानात जागा नाही, अजून खात्रीचं नाही अशी कारणं होती. पॅराशूट दिलं तर पोरं विमान लवकर सोडतील, अशीही भीती वरच्यांना होती असं सांगतात. कारणं सगळीच खोटी नव्हती. त्या काळच्या विमानाला एवढं जादा वजन म्हणजे चेष्टा नव्हे. पण १९१८ मध्ये समोरचे जर्मन वैमानिक पॅराशूट घेऊन उडत होते आणि वाचतही होते, हे कळल्यावर त्या कारणांचं वजन किती उरतं ते तुम्हीच ठरवा. गंमत अशी की त्याच वर्षी इटलीच्या आघाडीवर शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला हेच गार्डियन एंजल चाललं. हेराला चालतं, वैमानिकाला चालत नाही!

युद्ध संपलं. पुढे वैमानिकानं स्वतः कडी ओढून उघडायचं अमेरिकन पद्धतीचं पॅराशूट आलं आणि १९२०च्या दशकात ब्रिटिश हवाई दलानं तेच घेतलं. कॅलथ्रॉपचा बराच पैसा या देवदूतात बुडाला. बार्शीसाठी जो हट्ट कामाला आला, तोच इथं अंगाशी आला. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे गणित बरोबरच होतं. बार्शीला दारात वाट बघणारं गिऱ्हाईक होतं, पॅराशूटला गिऱ्हाईक म्हणजे एकटं सरकार. ३० मार्च १९२७ रोजी ते वारले. बार्शी लाईट मिरजेला पोचली तेच हे वर्ष.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९५४ मध्ये सरकारनं लाईन विकत घेतली, मध्य रेल्वेत घातली. नंतर एकेक तुकडा ब्रॉडगेज होत गेला. बार्शीवरून ब्रॉडगेज गेली २००८ मध्ये. आता थेट गाड्या येतात, पोती पाठीवर टाकावी लागत नाहीत, त्यामुळे रडण्यासारखं काही नाही. पण ०-८-४ इंजिन बघायचं तर फोटोतच.

रोल्स-रॉइस पूर्ण झाली. धुकट काचेसकट ती खिडकीत उभी आहे. आता आम्ही बार्शीचं पहिलं इंजिन करायला घेतलंय. याचं किट आम्हाला कुठं मिळालं नाही, तेव्हा साचा आमचाच. ड्रॉइंग शीटचा पुठ्ठा, सायकलच्या स्पोक, रिकामी रिफिल. स्केल रोल्सच्याच गाडीचं, १:३२, म्हणजे ७६२ भागिले ३२, रुळांमधलं अंतर २३.८ मिलिमीटर. रोल्स आणि साहेब एकाच स्केलमध्ये शेजारी उभे राहावेत एवढीच इच्छा. बॉयलर म्हणून मेसमधून आणलेली औषधाची बाटली व्यासाला दोन मिलिमीटर जास्त निघाली. चाकं बारा लागतात, शर्टाच्या बटणांची आठ झाली आहेत. उरलेल्या चारसाठी पार्टनरची नजर माझ्या व्हायवाच्या शर्टावर आहे.