न परतलेल्या विमानांचा हिशेब

लासलगावच्या बाजार समितीत लिलावाला आलेला उन्हाळ कांदा पाहून चाळीत किती कांदा सडला, हे कळत नाही. सडलेला कांदा चाळीतच निवडून टाकलेला असतो; बाजारात येतो तो टिकलेला. विमानांबाबत हाच मुद्दा गणिताने मांडला अब्राहम वाल्ड यांनी.

वाल्ड यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९०२ रोजी आजच्या रुमानियातील क्लुज शहरात, ज्यू कुटुंबात झाला. १९३१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर ते अमेरिकेत गेले. मागे राहिलेले बहुतेक कुटुंबीय नाझींनी मारले.

दुसऱ्या महायुद्धात ते कोलंबिया विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञांच्या गटात होते. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठे आहेत, याची आकडेवारी त्यांच्यापुढे आली. जिथे खुणा जास्त, तिथे संरक्षण वाढवावे, असे सहज वाटेल. वाल्ड यांनी मात्र न परतलेली विमानेही हिशेबात धरली. इंजिनावर खुणा कमी दिसतात, कारण तिथे गोळी लागलेली बरीच विमाने परततच नाहीत.

१९४३ मध्ये त्यांनी क्रमवार चाचणीची पद्धत बसवली. किती नग तपासायचे हे आधी न ठरवता एकेक निकाल पाहत जायचे आणि पुरेशी खात्री झाली की थांबायचे. तपासणी बरीच कमी झाली. दारूगोळ्याच्या तपासणीत उपयोगी ठरलेली ही पद्धत युद्धकाळात गुप्त होती.

लासलगावपासून जवळच, ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये सुखोई लढाऊ विमानांची मोठी देखभाल होते. आधुनिक विमानांच्या इंजिनातील तापमान, कंपने, तेलाचा दाब यांच्या अगणित नोंदी होतात. बिघाड आधीच ओळखायचा तर त्या छाटाव्या लागतात. क्रमवार चाचणी इथे कामी येते; प्रत्येक नव्या नोंदीगणिक इंजिन ठीक की बिघडत चालले, याचा अंदाज पक्का होतो. पण छाटताना रिकाम्या नोंदी सरसकट पुसल्या तर घात होऊ शकतो. बिघडत्या भागाजवळचा सेन्सर आधी बंद पडला असेल, तर ती रिकामी जागाच इशारा असते. म्हणून नोंद का नाही, हे आधी शोधायचे.

भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी आलेले वाल्ड १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह मृत्युमुखी पडले. तेव्हा ते अवघे ४८ वर्षांचे होते.